चौदा डबे वेळेवर, स्वतःचं जेवण दोनला: घरून डबे देणाऱ्या एका ताईंचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नवी मुंबईत, कोपरखैरणेतल्या माथाडी वस्तीत राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एका बाईंचं हे प्रकरण. मधुमेहाचं निदान होऊन आठ वर्षं झालेली. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं ताई म्हणू.

नवरा एपीएमसीच्या (बाजार समितीच्या) कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडींच्या टोळीत कामाला. गाव पाटण तालुक्यात. गल्लीतली निम्मी घरं सातारा-सांगलीकडचीच, त्यामुळे इथली बातमी गावाला पोचायला एक फोन पुरतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. घरात पाच माणसं: नवरा-बायको, ७१ वर्षांच्या सासूबाई, २३ वर्षांची मुलगी आणि ऐरोलीत दुसऱ्या पाळीत काम करणारा मुलगा. महापेतल्या कंपन्यांमधल्या लोकांना ताई घरून जेवणाचे डबे पुरवतात. चौदा डबे, प्रत्येकात चार पोळ्या, भाजी, डाळ, भात. घरच्या धरून रोज पंच्याहत्तरेक पोळ्या, म्हणजे सव्वादोन किलो पीठ. सव्वाअकराला डबे निघालेच पाहिजेत.

सासूबाईंनाही मधुमेह आहे, सतरा वर्षांचा. त्या ३०/७० इन्सुलिन दोन वेळा घेतात आणि सुई देतात ताईच. सकाळी पावणेआठला सुई, बरोबर अर्ध्या तासाने नाश्ता. पोटावरची जागा रोज बदलायची, फोडलेली बाटली २८ दिवसांनी टाकून द्यायची, शुगर घसरली तर काय द्यायचं, सगळं ताईंना तोंडपाठ. सासूबाईंच्या शुगरचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेले असतात. त्याच चौकटींत दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख आणि डब्यांचे खाडे. ताईंच्या स्वतःच्या शुगरचा मात्र एकही आकडा तिथे नव्हता.

म्हणून 'रुग्णाला आजाराची माहिती नाही' हे कारण इथे पहिल्या दिवशीच बाद होतं.

अडचण

नागरी आरोग्य केंद्रात ताई आल्या तेव्हा एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ९.६ होतं. त्याआधीच्या दोन तपासण्यांमध्ये ८.७ आणि ९.१. उपाशीपोटीची शुगर १८२. दर वेळी आकडा वाढला की गोळी वाढली होती: ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवरून २ वर, मेटफॉर्मिन ५०० वरून १००० वर, दिवसातून दोनदा. फाईलवर शेरा होता, 'पथ्य पाळत नाही.'

या वेळी सिस्टरनी पथ्याबद्दल विचारलंच नाही. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, घड्याळ धरून सांगा," एवढंच म्हटलं. दहा-बारा मिनिटांत जो दिवस समोर आला तो असा.

पावणेपाचला उठणं, पाणी भरणं, नवऱ्याचा चहा. साडेपाचपासून भाज्या चिरणं, डाळ लावणं. सातला गोळी, सोबत दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन खारी. पावणेआठला सासूबाईंची सुई, सव्वाआठला त्यांचा नाश्ता. ताई स्वतः तव्यासमोर. सव्वाअकराला डबे गेले की भांडी, ओटा, कपडे, आंघोळ. पहिलं खरं जेवण पावणेदोन-दोनला: तीन पोळ्या आणि उरलेला भात, 'वाया कशाला घालवायचा' म्हणून. दिवसभरात पाच कप चहा. रात्री मुलगा दहाला येतो, तो जेवल्यावर सव्वादहा-साडेदहाला ताईंचं जेवण, त्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या. सव्वाअकराला झोप.

मुख्य गाठ सात ते दोन या वेळेत होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या पोटभर खाण्याबरोबर किंवा त्याच्या जरा आधी घ्यायची असते. दोन खारी आणि चहा हे पोटभर खाणं नव्हे. मग अकरा-साडेअकराच्या सुमारास ताईंना घाम फुटायचा, हात थरथरायचे, चिडचिड व्हायची. त्यावर गुळाचा खडा, कालचा शिरा, मूठभर चिवडा, हाताला लागेल ते तोंडात. दोनच्या जेवणानंतर शुगर आभाळाला.

हा घाम त्यांनी कधी डॉक्टरांना सांगितला नव्हता. पाळी मागेपुढे होऊ लागलेली, शेजारच्या बायकांनी 'या वयात गरम वाफा येतातच' म्हणून सांगितलेलं. गल्लत होण्यासारखीच आहे. ढोबळ फरक असा की वाफ छातीतून चेहऱ्याकडे चढते, अंग तापल्यासारखं होतं आणि काही मिनिटांत ओसरते. शुगर घसरल्याचा घाम बहुधा गार, चिकट असतो, सोबत थरथर, भूक आणि गोंधळल्यासारखं होतं. पण अंदाजावर सोडायची ही गोष्ट नाही. त्या क्षणी बोट टोचून मशीनला पट्टी लावणं हा एकच खरा निवाडा.

तीन दिवस, बारा पट्ट्या

एक पट्टी ब्रँडनुसार साधारण १५ ते २५ रुपयांना पडते. दिवसातून सात वेळा तपासा म्हणणं सोपं, पण ते पैसे कुणाच्या खिशातून जाणार? शिवाय घरात पट्ट्यांची डबी होती ती 'आईंची'. सुनेने त्यातली स्वतःसाठी वापरायची नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, ताईंनीच ठरवलेलं. केंद्रातून बारा पट्ट्या दिल्या आणि तीन दिवस चारच वेळा तपासायचं ठरलं: उठल्यावर, डबे गेल्यावर साडेअकराला, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना.

पहिलाच प्रयत्न फसला. केंद्रात हात धुवायला न सांगता बोट टोचलं, मशीनने ३१२ दाखवलं. ताई सकाळी गूळ किसून आल्या होत्या. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं तर १६८. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईच्या बोटांना गूळ, साखर, फळाचा रस लागलेला असणार हे गृहीतच धरायला हवं. ओल्या हाताने डबीतून पट्टी काढली किंवा झाकण उघडं राहिलं तरी आकडा बिघडतो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत तर फार लवकर.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली गेली. मशीन घरात एक चालेल, टोचायचं पेन मात्र दोघींचं वेगळं हवं आणि सुई दर वेळी नवी. एकमेकींचं पेन वापरल्याने काविळीचा बी विषाणू पसरू शकतो.

तीन दिवसांचे आकडे असे आले. उठल्यावर १७६, १८४, १७१. साडेअकराला ६१, ५८, ७४. जेवणानंतर २५८, २७१, २४९. झोपताना २०८, २१९, १९६.

७० च्या खाली म्हणजे शुगर घसरलेली, ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची. तीनपैकी दोन दिवस ताई ७० च्या खाली होत्या, आणि अशा अवस्थेत गरम तवा आणि उकळत्या डाळीपाशी उभ्या होत्या.

दुसरी विसंगतीही दिसली. एचबीए१सी ९.६ म्हणजे सरासरी शुगर साधारण २३० असायला हवी. पट्ट्यांची सरासरी १७७. बारा आकड्यांत सगळा दिवस मावत नाही हे खरं, तरी ५० चा फरक मोठा आहे. तो का, याचं उत्तर पुढच्या भेटीत मिळालं.

बंद दाराआड सांगितलेलं

केंद्रात एकाच खोलीत दोन टेबलं, दारात रांग. पुढच्या भेटीत सिस्टर ताईंना लसीकरणाच्या रिकाम्या खोलीत घेऊन बसल्या. तिथे चार गोष्टी निघाल्या, चारही फाईलमध्ये नव्हत्या.

एक, वर्षभरापासून पाळीत अंगावरून फार जात होतं, आठ-आठ दिवस. हिमोग्लोबिन तपासलं तर ९.२, शरीरातला लोहाचा साठाही कमी. लोह कमी असलं की एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणजे ज्या आकड्यावर दोनदा गोळी वाढवली गेली तो आकडाच थोडा फुगलेला होता. गोळी वाढली, अकराचा घाम वाढला, घामावर खाणं वाढलं.

दोन, लघवीच्या जागी खाज, तीन-चार महिन्यांपासून. शुगर जास्त असताना बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तीन, रात्रीची मेटफॉर्मिन आठवड्यातून तीन-चार दिवस वगळली जात होती. गोळीने पोट बिघडायचं, आणि पहाटे पाचला पाच माणसांत एकच संडास, त्यात नवऱ्याला मार्केट गाठायची घाई. डॉक्टर समजत होते की पूर्ण डोस चालू आहे.

चार, गोळ्या पाकिटातून काढून हिंगाच्या जुन्या डबीत ठेवलेल्या. मुलीसाठी स्थळं पाहणं चालू होतं. 'आईला शुगर म्हणजे मुलीलाही होणार' हे पाहुण्यांच्या कानावर जायला नको होतं. त्या डबीत दोन्ही गोळ्या एकत्र, नाव नाही, मुदत नाही, वरून स्वयंपाकघरातली वाफ.

यातली एकही गोष्ट 'गोळ्या वेळेवर घेता ना?' या प्रश्नाच्या उत्तरात आली नसती. त्या प्रश्नाला ताई नेहमी 'हो' म्हणायच्या.

कोणते पर्याय होते

सर्वांत सरळ दिसणारा पर्याय म्हणजे गोळी आणखी वाढवणं. साडेअकराचे आकडे हातात आल्यावर तो लगेच बाद झाला. ते आकडे नसते तर मात्र हेच झालं असतं.

रात्रीचं इन्सुलिन सुरू करणं हा दुसरा. ९.६ ला तो विचार चुकीचा नाही. पण एचबीए१सी भरवशाचं नव्हतं, रात्रीची गोळी निम्मे दिवस पोटात जात नव्हती आणि जेवणाच्या वेळांचा पत्ता नव्हता. हे तीन दुरुस्त न करता इन्सुलिन म्हणजे घसरण्याची आणखी एक वाट. ताईंचं म्हणणं वेगळं होतं: "मी पण सुई घ्यायला लागले तर घरात दोन आजारी झाल्या, मग डबे कोण करणार?" तीन महिन्यांनी फेरविचार करायचं ठरवून पर्याय उघडा ठेवला.

तिसरा, डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी. भारतात २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती स्वस्त आहे, वजनालाही बरी. पण तिच्यामुळे जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग वाढतो, आणि ताईंना तो आधीच होता. खाजेची गोष्ट बंद दाराआड निघाली नसती तर हीच गोळी लिहिली जाण्याची शक्यता बरीच होती.

चौथा, औषध तेच ठेवून फक्त जेवणाची वेळ बदलणं. कागदावर उत्तम, पण एक दिवस ऑर्डर वाढली, गॅस संपला की पुन्हा तेच.

पाचवा निवडला गेला: ग्लिमेपिराइड बंद करून तिच्या जागी सिटाग्लिप्टिन, आणि त्याच्या जोडीला दिवसाची घडी बदलणं. ही गोळी एकटी किंवा मेटफॉर्मिनबरोबर शुगर सहसा फार खाली नेत नाही, त्यामुळे जेवण अर्धा तास पुढेमागे झालं तरी धोका कमी. २०२२ मध्ये तिचंही पेटंट संपलं आणि जेनेरिक आल्या. मूत्रपिंडाचं काम नीट असल्याचं रक्ततपासणीत पाहूनच १०० मिलिग्रॅमचा पूर्ण डोस लिहिला. केंद्रात मेटफॉर्मिन फुकट मिळत होतं, ही गोळी नाही. जनऔषधी दुकानातून घ्यायचं ठरलं. औषधाचा हा बदल डॉक्टरांनी या एका रुग्णाचे आकडे पाहून केला. साडेअकराला घाम फुटतो म्हणून कुणी आपली गोळी आपणच बंद करू नये. आकडे घेऊन डॉक्टरांकडे जावं.

काय केलं

रात्रीची मेटफॉर्मिन सावकाश विरघळणारी दिली, जेवणानंतर लगेच घ्यायची. पोटाची तक्रार दोन आठवड्यांत जवळपास थांबली. आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू असल्याने बी-१२ तपासलं, तेही कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले. लोहाची गोळी चहापासून किमान तासभर लांब ठेवायची होती, नाहीतर ती अंगी लागत नाही; पाच कप चहाचे तीन झाले ते शुगरपेक्षा या गोळीमुळे. खाजेवर मलम आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी. सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ दिसली, तिच्यावर औषधोपचार वेगळे चालू झाले.

खरं काम जेवणाचं होतं, आणि तिथे पहिला प्रयत्न वाया गेला. आहाराचा छापील तक्ता दिला: दलिया, मोड आलेली कडधान्यं, सफरचंद, सॅलड. चौदा डबे आणि पाच माणसांचा स्वयंपाक करणारी बाई स्वतःसाठी तिसरा स्वयंपाक करणार नाही. तो कागद डब्यांच्या फळीवर अंथरलेला सापडला. निदान कशाच्या तरी उपयोगी पडला.

दुसऱ्या वेळी आहारतज्ज्ञांनी वेगळं काही शिजवायला सांगितलंच नाही. चौदा डबे भरताना पंधरावा भरायचा, स्वतःचा. भरायचा तो त्याच भांड्यांतून: दोन पोळ्या, भाजीचा मोठा कप्पा, वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, काकडी, भात नाही. डबे घेऊन जाणारा मुलगा दारातून निघाला की बसायचं आणि तो डबा संपवायचा, मग भांडी. दोन पोळ्यांतून साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं जातात, डाळ-भाजीसकट साठ-पासष्ट. दोनच्या ताटात ती सव्वाशेच्या घरात जात होती. भाताचं कारण उघड होतं: दोनला भूक इतकी लागलेली असायची की समोर असेल ते संपायचं.

डबाच का, थाळी का नाही? थाळीतलं जेवण सगळ्यांच्या नंतर, उरेल त्यातून. डबा मात्र आधी भरला जातो, मोजून भरला जातो आणि झाकण लावलं की त्यातलं कुणी काढत नाही. ताईंच्या घरात ही शिस्त वीस वर्षं मुरलेली होती, फक्त ती गिऱ्हाइकांसाठी होती.

नाश्ता सासूबाईंच्या सुईला बांधला. सव्वाआठला दोघींनी एकत्र खायचं, ताईंची सकाळची गोळी त्यानंतर. नवा गजर लावायची गरज पडली नाही. तो गजर रोज वाजतच होता. चार वाजता मूठभर भाजलेले चणे आणि ताक. रात्री साडेआठ-पावणेनऊला नवरा आणि सासूबाईंबरोबर जेवायचं, मुलाचं ताट झाकून ठेवायचं.

भाकरीचा गैरसमज वेगळा काढावा लागला. 'शुगरला भाकरी चालते' हे खरं, पण किती? ज्वारीच्या एका जाड भाकरीला सत्तरेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे जवळपास ४८ ग्रॅम कर्बोदकं, दोन पोळ्यांपेक्षा जास्त. रात्री दहा वाजता दोन भाकऱ्या म्हणजे पाच पोळ्या खाऊन झोपणं. सकाळच्या १७६ चं मूळ तिथे होतं. एक भाकरी ठरली, तिच्यासोबत पिठलं किंवा डाळ जास्त.

उपास सोडा, असं कुणी म्हटलं नाही. संकष्टी आणि मार्गशीर्षातले गुरुवार ताई सोडणार नव्हत्याच, आणि सोडा म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं काही सांगितलं नसतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च; साठ-सत्तर ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत पन्नासहून जास्त ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा. त्याऐवजी वाटीभर भगर, दाण्याची आमटी आणि दही ठरलं. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत पोट रिकामं ठेवायचं नाही, चारला दूध किंवा ताक-शेंगदाणे घ्यायचेच. शुगर घसरल्यासारखी वाटली तर उपास असला तरी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पट्टी लावायची, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. शिरा किंवा लाडू त्या वेळी नको. तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, तोवर माणूस दुप्पट खाऊन बसतो.

गोळ्या हिंगाच्या डबीतून सासूबाईंच्या औषधांच्या पिशवीत गेल्या. त्यांचा मधुमेह जगजाहीर, त्यामुळे पाहुण्यांना शंका नाही. यात धोका होता तो अदलाबदलीचा. म्हणून आत वेगळ्या रंगाची चेन असलेली पाऊच, गोळ्या मूळ पाकिटातच, वर मोठ्या अक्षरात नाव. पथकात यावर दुमत होतं. लपवण्याला हातभार लावायचा का, हा आक्षेप वावगा नव्हता. पण मुलीचं लग्न ठरेपर्यंत आजार उघड करा असं सांगायचा अधिकार केंद्राला नाही, आणि वाफेत भिजलेल्या बिननावाच्या गोळ्यांपेक्षा हे बरं. याच कारणाने आशा सेविकेची घरभेट ताईंनी नाकारली होती. त्याऐवजी सासूबाईंच्या इन्सुलिनच्या तारखेलाच ताईंची तारीख दिली.

पायांच्या तपासणीत दहापैकी दोन ठिकाणी नायलॉनच्या तारेचा स्पर्श कळला नाही. टाचांना भेगा, पहाटे ओल्या मोरीत अनवाणी उभं राहणं. 'घरात चप्पल घाला' या सल्ल्यावर सासूबाई अडल्या, कारण देव्हारा स्वयंपाकघरातच. शेवटी कधीही बाहेर न नेलेली, धुता येणारी, न घसरणारी नवी जोडी आली आणि देव्हाऱ्यासमोर ती काढायची असं ठरलं. रात्री बोटांच्या बेचक्या पाहायच्या, भेगांना तेल-मलम लावायचं पण बेचक्यांत नाही.

चालण्याचं थोडक्यात झालं. पहाटे पाऊण तास फिरायला जाणं या दिवसात बसतच नव्हतं. रात्रीच्या जेवणानंतर मुलीबरोबर पंधरा मिनिटं, एवढंच मागितलं.

सासूबाईंशी बोलणं

पंधरावा डबा चौथ्या दिवशीच अडखळला. घरात सगळ्यांच्या आधी सून जेवायला बसते, हे सासूबाईंना रुचलं नाही; त्या बोलल्या नाहीत, पण ताईंना कळायचं ते कळलं. नवऱ्याला बोलावून समजवावं, असा पहिला विचार होता. तो सोडून दिला. साडेअकराला नवरा घरी नसतो. त्या वेळी घरात असतात त्या सासूबाई.

त्यांच्या इन्सुलिनच्या दिवशी सिस्टरनी ताईंची परवानगी घेऊन ५८ चा आकडा त्यांना दाखवला. सतरा वर्षांत स्वतः तीन-चार वेळा घसरलेल्या बाईला तो समजावून सांगावा लागला नाही. "अगं बाई, म्हणजे हिचा तो घाम शुगरचा व्हता? मला वाटायचं वयाचं हाय." त्यानंतर डबे निघाले की 'जेवलीस का' ही हाक त्याच मारू लागल्या. पट्ट्यांची डबीही त्या दिवसापासून दोघींची झाली.

प्रत्येक घरात असं होईल असं नाही. इथे सासूबाईंना तोच आजार होता, हे नशीब म्हणायचं.

काय झालं

सहा महिन्यांनी उठल्यावरची शुगर १३५ ते १४५, डबा खाण्याआधी ९५ ते १२०, जेवणानंतर १८०-१९०. साडेअकराचा घाम पहिल्याच आठवड्यात थांबला आणि पुन्हा आला नाही. हिमोग्लोबिन ११.६. खाज गेली.

एचबीए१सी ७.८ झालं. पण हा सगळा उतार शुगरचा नाही. लोह मिळाल्यावर नव्या लाल पेशी भराभर तयार होतात, त्यांना साखर चिकटायला वेळ मिळालेला नसतो, म्हणून एचबीए१सी तेवढ्याने खाली येतं. यासाठीच निर्णय पट्ट्यांवर घेतले, आणि हिमोग्लोबिन स्थिर झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरवली. इन्सुलिन तूर्त लागलं नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. गौरी-गणपतीत गावाला जाताना पाऊच इथेच राहिली, सहा दिवस गोळी नाही; परतल्यावर उपाशीपोटी २१०. रात्रीचं लवकर जेवण आठवड्यातून चार दिवस जमतं, मुलाला सुट्टी असली की पुन्हा दहा. मोठा घोटाळा ऑर्डर वाढल्यावर झाला. चौदाचे वीस डबे झाले आणि तीन आठवडे ताईंचा डबा गायब. काम वाढलं की बाई पहिली कात्री स्वतःच्या जेवणाला लावते. मग पोळ्या लाटायला शेजारच्या एका बाईंना दोन तास पैसे देऊन बोलावलं. नफा थोडा घटला. हा निर्णय ताईंनी स्वतः घेतला, केंद्राने सुचवला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

दोनदा गोळी वाढवण्याआधी 'जेवणाआधी घाम, थरथर होते का?' हा एक प्रश्न पुरला असता. ग्लिमेपिराइड लिहिताना पहिलं पोटभर जेवण किती वाजता होतं हे न विचारणं, ही या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट. चाळिशी ओलांडलेल्या बाईचं एचबीए१सी मागवताना हिमोग्लोबिन सोबत मागवणं आणि पाळीबद्दल विचारणं, याला फारसा खर्चही नाही.

एकांतात बोलायला जागा दुसऱ्या भेटीत मिळाली, ती पहिल्या भेटीत मिळायला हवी होती. मनःस्थितीची विचारपूस तर तिसऱ्या भेटीत झाली. 'गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशातच रस वाटेनासा झाला का,' हे दोन प्रश्न विचारायला मिनिटभर लागतं. ताईंच्या बाबतीत उत्तरं काळजीची नव्हती, साडेपाच तासांची झोप हाच मुद्दा निघाला. पण हे आधी ठाऊक नव्हतं.

नवऱ्याला बाजूला ठेवण्याचा निर्णय डब्यापुरता बरोबर ठरला, पैशांच्या बाबतीत नाही. सिटाग्लिप्टिन आणि पट्ट्यांचा खर्च ताई डब्यांच्या कमाईतून भागवतात. सासूबाईंचा खर्च घरखर्चातून जातो. हे कुणी बोललं नाही, आणि बोलायला हवं होतं.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अजून बाकी आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचं नीट दिसत नाही, म्हणजे त्या दिवशी तव्यासमोर उभं राहता येत नाही आणि डब्यांचा खाडा. दोन तारखा अशाच गेल्या. आता कंपन्या बंद असतात त्या शनिवारची तारीख घेतली आहे, आणि सोबत मुलगी जाणार आहे.